मायक्रॉनभर कार्बन, सहा किलोमीटर पाणी : प्रस्तावना

२६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ‘गवेषणी’ जहाजावरून समुद्रतळाचे काळे बहुधात्विक गोळे पहिल्यांदा वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट त्यांत साठलेले होते. पुढे १९८७ साली मध्य हिंदी महासागरातील तळाचा एक मोठा पट्टा शोधकार्यासाठी भारताच्या नावे झाला आणि त्यातला ७५,००० चौरस किलोमीटरचा भाग आपण राखून ठेवला. तिथे पाणी पाच ते सहा किलोमीटर खोल आहे. एप्रिल २०२१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘वराह’ हे पट्ट्यांवर चालणारे यंत्र याच भागात ५,२७० मीटर खोलीवर उतरून चालले. त्याच संस्थेची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटरपर्यंत नेण्यासाठी घडवली जात आहे.

या पाणबुडीबद्दल बोलताना सगळे तिच्या टायटॅनियमच्या गोलाबद्दल बोलतात. सुमारे २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा तो गोल आहेच तसा. आत बसणाऱ्यांचा जीव त्याच्यावर अवलंबून आहे. पण गोल स्थिर असतो. पाणबुडी चालते, वळते, तळाला टेकते, हात पुढे करून दगड उचलते आणि परत वर येते ती हलणाऱ्या भागांच्या जोरावर. पंख्यांचे शाफ्ट, यांत्रिक हाताचे सांधे, पाणी आत-बाहेर करून वजन साधणाऱ्या पंपाचे प्लंजर, व्हॉल्व्हची बैठक आणि तिच्यावर बसणारा गोळा, हे सगळे भाग एकमेकांवर घासतात आणि घासताना झिजतात. ती झीज रोखण्यासाठी त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाइतका कार्बनचा थर चढवता येतो. हे पुस्तक त्या थराविषयी आहे.

थर हिऱ्यासारखा कठीण असतो, म्हणून तो झिजत नाही, अशी एक समजूत अभियंत्यांतही पक्की आहे. खोल समुद्रापुरती तरी ती अपुरी आहे, असे मला या पुस्तकात दाखवायचे आहे. तिथे थर झिजून संपण्याआधी पायापासून, म्हणजे खालच्या धातूपासून, सुटतो. त्याला सोडवणारी कारणे त्याच्या कठीणपणाच्या आकड्यात दिसत नाहीत.

आधी थराची ओळख करून देतो. कार्बनची दोन रूपे शाळेपासून आपल्या परिचयाची आहेत. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. ग्रॅफाइटमध्ये तो तिघांशी बांधलेला असतो आणि त्यांचे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. हिरासदृश कार्बन, म्हणजे कारखान्यात ज्याला ‘डीएलसी’ म्हणतात तो, या दोहोंचे मिश्रण आहे. त्यात स्फटिकाची शिस्त नसते. दोन्ही प्रकारचे बंध वाटेल तसे विखुरलेले असतात आणि बहुतेक प्रकारांत हायड्रोजनही भरपूर असतो. १९७१ साली सोल आयझेनबर्ग आणि रोनाल्ड शाबो या अमेरिकी संशोधकांनी कार्बनच्या आयनांचा झोत टाकून असा थर बनवला आणि त्याचे हिऱ्याशी साम्य असल्याचे नोंदवले. आज तो दाढीच्या पात्यांवर, संगणकाच्या हार्ड डिस्कवर, डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरमध्ये असतो. पुणे-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना त्याचा काळसर करडा रंग चांगला ओळखीचा आहे. हायड्रोजनविरहित आणि हिऱ्याकडे झुकलेल्या प्रकारात चार बंधांचे अणू ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. ग्रॅफाइटकडे झुकलेले थर तुलनेने मऊ असतात, पण समुद्राच्या पाण्यात अनेकदा तेच जास्त समंजसपणे वागतात.

हे जरा चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे थांबून सांगतो. घासताना थराच्या वरच्या अणूंचे काही बंध तुटतात आणि मोकळे राहतात. असा मोकळा बंध समोरच्या पृष्ठभागाला धरायला बघतो आणि घर्षण वाढते. हायड्रोजनविरहित थर निर्वातात घासला तर घर्षणांक ०.५ च्याही वर जाऊ शकतो. तोच थर दमट हवेत किंवा पाण्यात घासला तर पाण्याचे रेणू फुटून हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल त्या मोकळ्या बंधांवर बसतात आणि घर्षण एकदम उतरते. हायड्रोजनने भरलेल्या थराचे बरोबर उलट असते. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्डेमिर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात असा थर कोरड्या नायट्रोजनमध्ये घासून ०.००१ च्या आसपासचा घर्षणांक मिळवला. जगभर त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण हवेत ओल आली की हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. म्हणून ‘कार्बनच्या थराचे घर्षण किती?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या थराचे, कशात बुडवलेल्या आणि कशावर घासलेल्या, हे आधी सांगावे लागते. समुद्राच्या पाण्यात चांगल्या थराचा घर्षणांक साधारण ०.०५ ते ०.१५ मिळतो. वंगणाविना पोलादावर घासणाऱ्या पोलादाच्या मानाने तो फारच उत्तम आहे.

तेल का वापरत नाहीत, असे कुणीही विचारील. वापरतात, आणि पुष्कळ वापरतात. खोल पाण्यातल्या मोटारी आणि गिअरपेट्या तेलाने भरून आतला दाब बाहेरच्या दाबाच्या किंचित वर ठेवायचा, ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. पण तेल दाबाखाली घट्ट होते. सहा हजार मीटरवरच्या ६०० बार दाबाला साधे खनिज तेल तीनेक पट घट्ट होते आणि तळाची दोन-तीन अंश सेल्सिअस थंडी त्यात वेगळी भर घालते. शिवाय जे पंप समुद्राचेच पाणी ओढतात आणि ढकलतात, त्यांच्या प्लंजरभोवती पाणीच असणार. पाण्याचा स्वभाव तेलाच्या उलट आहे. थंड पाणी दाबाखाली घट्ट होत नाही, उलट सुरुवातीला किंचित पातळच होते. मुळात ते तेलाच्या कित्येक पट पातळ. त्यामुळे दोन पृष्ठभागांना दूर ठेवणारा पाण्याचा पडदा फार पातळ राहतो, जागोजाग फाटतो आणि पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. तेलाच्या यंत्रात वंगण जे काम करते ते इथे पृष्ठभागाला स्वतःच करावे लागते. कार्बनच्या थराची खरी गरज उत्पन्न होते ती या ठिकाणी.

आता दाबाकडे येतो. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी त्याला दिला आहे. सहा हजार मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६०० किलो भार असतो. हे ऐकले की वाटते, हा दाब थराला चिरडत असणार. तसे होत नाही. पाणी सर्व बाजूंनी सारखेच दाबते. टायटॅनियम या दाबाने लांबी-रुंदीत दहा हजारांत दोन भागांहूनही कमी आक्रसते. थर आणि खालचा धातू यांच्या आक्रसण्यात जो फरक पडतो, तो थराला तडा जाईल इतका नसतो. पूर्ण पाण्यात बुडालेल्या बेअरिंगला आपण किती खोल आहोत हे जवळजवळ कळतही नाही. दाब समोरून येत नाही, तो आडवाटांनी येतो. या आडवाटा नीट समजल्याशिवाय खोल पाण्यातली झीज समजणार नाही.

पहिली आडवाट म्हणजे फट. पाण्यातल्या बेअरिंगची बुश पुष्कळदा ‘पीक’ (PEEK) नावाच्या प्लास्टिकसारख्या कठीण प्लास्टिकची असते आणि तिच्यात थर चढवलेला शाफ्ट फिरतो. असे प्लास्टिक धातूच्या वीस-तीस पट जास्त दबते. ५० मिलिमीटर व्यासाची बुश मोकळी असेल तर ६०० बारला तिचा व्यास दीड दशांश मिलिमीटरच्या आसपास कमी होतो, थंडीने आणखी थोडा. शाफ्ट आणि बुशमधली फट मुळात अशाच मापाची ठेवलेली असते. म्हणजे किनाऱ्यावर मोकळा फिरणारा शाफ्ट तळाशी धरला जाऊ शकतो. थर कितीही उत्तम असला तरी इथे तो काहीही करू शकत नाही. चूक फटीच्या हिशेबात झालेली असते आणि नाव मात्र थराचे खराब होते. सीलचे तसेच आहे. आत हवेचा दाब आणि बाहेर ६०० बार असेल तर तो सगळा फरक सील शाफ्टवर दाबतो, तेव्हा थरावरचा भार खरोखर खोलीबरोबर वाढतो.

दुसरी आडवाट थराच्या आतच असते. कुठलाही थर पूर्ण सलग नसतो. थर चढवताना बसलेला धुळीचा कण किंवा धातूचा थेंब नंतर निखळतो आणि मागे सूक्ष्म रंध्र राहते. एक मायक्रॉन व्यासाच्या रंध्रात पृष्ठताणाच्या जोरावर पाणी अडून राहायचे म्हटले, तरी जास्तीत जास्त तीन बार दाबापर्यंत राहील. म्हणजे समुद्रात तीस मीटरवरच पाणी आत शिरले. दहा नॅनोमीटर रंध्राचा हिशेब केला तर तीनशे बारच्या अलीकडेच तेही भरते. सहा हजार मीटरवर थरातले पायापर्यंत पोहोचणारे एकही रंध्र कोरडे राहत नाही, असे धरूनच चालले पाहिजे. प्रयोगशाळेत टेबलावर, उघड्या भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात ज्या रंध्रांत हवेचा बुडबुडा अडकून राहिला आणि थराची अब्रू वाचली, तीच रंध्रे तळाशी उघडी पडतात.

पाणी पायापर्यंत गेले की झीज मागे पडते आणि गंज पुढे येतो. कार्बन स्वतः गंजत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण वीजवाहक कार्बन समुद्राच्या पाण्यात पोलादाला चिकटून असला, तर तो ऋणाग्र होतो आणि पोलाद धनाग्र. सगळ्या थराच्या पृष्ठभागावर प्राणवायू घेतला जातो आणि त्याची किंमत रंध्राच्या तळाशी उघड्या पडलेल्या टिचभर धातूला मोजावी लागते. मोठे ऋणाग्र आणि इवलेसे धनाग्र ही गंजशास्त्रातली सर्वांत वाईट जोडी. ग्रॅफाइटचे पॅकिंग किंवा ग्रॅफाइटचे ग्रीस समुद्राच्या पाण्यात स्टेनलेस पोलादाशेजारी वापरू नये, हे जहाजांवर काम करणारे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. कार्बनचा थर चढवणाऱ्यांनी हा अनुभव पुरेसा मनावर घेतला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. धातू रंध्राखाली आडवा खाल्ला जातो, थर अधांतरी राहतो, आणि मग एक घासणी अशी येते की पापुद्राच उडतो. झिजेचे मोजमाप करणाऱ्याला तिथे एकदम खोल चर दिसतो आणि तो थर ‘मऊ’ निघाला म्हणून लिहून ठेवतो.

या ठिकाणी प्राणवायूचा विचार अपरिहार्य आहे. अरबी समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास संपलेला असतो. त्याखाली तो पुन्हा वाढतो, कारण तळाशी अंटार्क्टिकाकडून सरकत आलेले थंड पाणी असते. म्हणजे खोल गेले की गंज थांबला, हा समज खरा नाही.

झीज आणि गंज एकत्र आले की त्यांची साधी बेरीज होत नाही. स्टेनलेस पोलादावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पडदा असतो. प्रत्येक फेरीत तो खरवडला जातो, पुन्हा तयार होतो आणि तयार होताना थोडा धातू खातो. नुसत्या घासण्याने जितका धातू जातो आणि नुसत्या पाण्याने जितका जातो, त्या दोहोंच्या बेरजेहून प्रत्यक्षातली हानी जास्त भरते. हा वरचा हिस्सा वेगळा मोजण्याची ठरलेली पद्धत आहे आणि एका पूर्ण प्रकरणात ती उदाहरणांसह दिली आहे. चांगला चिकटलेला, सलग कार्बन थर हा वरचा हिस्सा जवळजवळ नाहीसा करतो. त्याची खरी कमाई ही आहे. घर्षणांकातली घट मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

पायाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. समुद्राला पोलाद पुरत नाही म्हणून आपण टायटॅनियमकडे जातो. ते गंजत नाही, हलके असते आणि बळकटही. पण टायटॅनियमवर टायटॅनियम घासले तर दोघे एकमेकांना धरतात, ओरबाडतात आणि सांधा जॅम होतो. म्हणून थर लागतोच. मात्र कठीण थराखाली तुलनेने मऊ टायटॅनियम म्हणजे गादीवर ठेवलेली काच. वरून एका ठिकाणी भार आला की खालचा धातू दबतो आणि थर तडकतो. त्यावर उपाय म्हणजे आधी टायटॅनियमचा पृष्ठभाग नायट्रोजन मुरवून कठीण करायचा, मग क्रोमियम किंवा टंगस्टनसारख्या धातूचा मधला थर द्यायचा आणि त्यावर कार्बन चढवायचा. कार्बनच्या थरात जन्मतःच काही गिगापास्कलचा ताण कोंडलेला असतो, त्यामुळे तो वाटेल तितका जाड करता येत नाही. जाड झाला की आपण होऊन सुटतो. मऊ आणि कठीण थर आळीपाळीने दिले तर ताण विभागला जातो आणि वरपासून खालपर्यंत सरळ जाणारे रंध्रही मध्येच तुटते. एका उपायात दोन कामे होतात, म्हणून थरांवर थर देण्याच्या पद्धतीवर माझा विश्वास आहे.

आपल्या वाट्याच्या तळावर गाळही खास आहे. इतक्या खोलीवर चुन्याची सूक्ष्म कवचे विरघळून जातात आणि उरतात ती मुख्यतः सिलिकाची कवचे. डायटम आणि रेडिओलेरियन या सूक्ष्मजीवांची ती असतात. सिलिका चुन्याहून बरीच कठीण. कार्बनच्या थरापुढे ती हरते, पण थर दोन-तीन मायक्रॉन आणि कण त्याच्या कित्येक पट मोठा. सांध्यात सापडलेला कण थराला ओरखडा न काढता खालच्या धातूत खड्डा पाडतो, आणि थर त्या खड्ड्याच्या कडेने फुटतो. तळ उकरणाऱ्या यंत्रासाठी हा धोका पाणबुडीपेक्षा मोठा आहे. अर्थात ‘वराह’ किंवा ‘मत्स्य’ यांच्या कुठल्या भागांवर कोणते थर आहेत, हे सांगण्याचा या पुस्तकाचा हेतू नाही. विषयाची गरज वाचकापुढे उभी राहावी म्हणून त्यांचा उल्लेख केला.

झिजेचे आकडे वाचायची सवय वाचकाला लागावी, अशी माझी फार इच्छा आहे. समजा एका थराची झीज एक न्यूटन भाराखाली एक मीटर सरकल्यावर एक घन मिलिमीटरचा एक कोटीवा भाग इतकी आहे. शोधनिबंधात हा आकडा फार चांगला म्हणून येतो. बेअरिंगच्या स्थिर बाजूचा एक चौरस सेंटिमीटर भाग १०० न्यूटन भार घेतो आहे आणि शाफ्ट २० मिलिमीटर व्यासाचा, मिनिटाला हजार फेऱ्या फिरणारा आहे असे धरले, तर दहा किलोमीटर सरकणे पावणेतीन तासांच्या आत पुरे होते आणि एक मायक्रॉन थर जातो. तीन मायक्रॉनचा थर आठ तासांत संपेल. यांत्रिक हाताच्या सांध्याला हाच थर अनेक वर्षे पुरेल, कारण तो सांधा दिवसभरात फारसा सरकतच नाही. एकच आकडा एका ठिकाणी उत्तम आणि दुसऱ्या ठिकाणी निकामी असतो. पाण्याचा पडदा जितका वेळ टिकतो तितका वेळ झीज थांबते, हेही या हिशेबात धरावे लागते. म्हणून शाफ्टच्या बाबतीत बेअरिंगची रचना आणि थर यांचा विचार एकत्र करावा लागतो.

चाचण्यांची स्थिती अशी आहे, की समुद्राच्या पाण्यातल्या कार्बन थरांवर प्रसिद्ध झालेले बहुतेक आकडे साध्या हवेच्या दाबाला, खोलीच्या तापमानाला, चकतीवर गोळी घासून घेतलेले आहेत. चीनमधील लान्झोउ आणि निंगबो येथील संस्थांनी या विषयावर दीर्घकाळ आणि चिकाटीने काम केले आहे. ज्या देशाची ‘फेंदौजे’ पाणबुडी नोव्हेंबर २०२० मध्ये १०,९०९ मीटरपर्यंत गेली, त्या देशाला ही गरज आधी जाणवणे स्वाभाविकच होते. दाबाच्या भांड्यात घासण्याची चाचणी करणे कष्टाचे असते. भांड्याच्या भिंतीतून शाफ्ट आत न्यायचा म्हणजे पुन्हा सील आले आणि सीलचे घर्षण मोजमापात मिसळले. म्हणून चुंबकाच्या जोडणीने बाहेरून फिरवतात आणि बलाचे मोजमाप आतच करतात. दाब वायूने दिला तर वायू पाण्यात विरघळून पाण्याची जातच बदलते, तेव्हा तो पाण्यानेच द्यावा. भांडे बंद असल्याने गंजताना आतला प्राणवायू संपत जातो, त्याची नोंद हवी. हे बारकावे कंटाळवाणे वाटतील, पण निकाल त्यांच्यावर फिरतात.

पुस्तकाची मांडणी या विचाराने केली आहे. थर कसे बनतात हा भाग थोडक्यात आहे, कारण त्यावर इतर पुस्तके पुष्कळ आहेत. पाणी, दाब, रंध्रे आणि पाया यांना बहुतांश पाने दिली आहेत. गणित बारावीच्या पलीकडे नेलेले नाही. ज्यांना रसायनशास्त्राची आठवण पुसट झाली असेल त्यांनी गंजावरचे प्रकरण आधी वाचावे. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी फटी आणि सीलच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल.

जे विद्यार्थी आणि अभियंते या कामात उतरतील त्यांना एक विनंती आहे. कार्बनच्या थराचा घर्षणांक किंवा झीज लिहाल तेव्हा शेजारी दाब, तापमान, विरघळलेला प्राणवायू, समोरच्या भागाचा पदार्थ आणि खालचा धातू या पाच गोष्टी लिहाच. थर कठीण किती हे सांगण्याआधी तो किती घट्ट चिकटला आहे आणि त्यात रंध्रे किती आहेत, ते मोजा. आणि थर सुटला असेल तर ‘झिजला’ असे लिहू नका. सुटला असेच लिहा, म्हणजे तुमच्यानंतर काम करणाऱ्याला कुठे पाहायचे ते कळेल.